सहा पॉइंट दोन

"वैनी, मूठ आवळा," नसीम म्हणाली, आणि मी दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या.

"एकच हो. ही, उजवी."

अकरा वर्षं मी त्या खुर्चीशेजारी उभी राहत आले होते. खुर्चीत बसायची ती पहिलीच वेळ. तासगावातली ती लॅब म्हणजे दोनच खोल्या. बाहेर बाकं, आत ही खुर्ची, एक फ्रिज आणि रक्त तपासायची यंत्रं. दर तीन महिन्यांनी मी माझ्या यजमानांना, भूपाल चौगुल्यांना, तिथं घेऊन जायची. यांची शीर लवकर सापडायची नाही. दुसऱ्या कुणी सुई घातली की दंड काळानिळा व्हायचा, म्हणून हे फक्त नसीम मुजावरकडंच हात पुढं करायचे. ती आली नसली तर ती येईपर्यंत बसून राहायचे. मी यांची काठी आणि पिशवी धरून उभी असायची, आणि नळीत रक्त चढायला लागलं की भिंतीकडं बघायची.

त्या दिवशी मी भिंतीकडं बघितलं नाही. माझं रक्त मी शेवटपर्यंत बघितलं.

हे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात इन्सुलिनच्या सुया, साखर बघायचं मशीन, पट्ट्यांच्या तीन डब्या, पायाच्या जखमेची मलमं असं पुष्कळ पडून होतं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून ते सगळं पिशवीत भरून मी सकाळी सकाळी लॅबमध्ये आले होते. निदान नसीमला मी तसं सांगितलं.

"ठेवून जा की. गरजवंत येतात," ती म्हणाली. मग माझ्याकडं जरा निरखून बघत तिनं विचारलं, "काही खाऊन आलाय?"

"नाही. चहासुद्धा नाही."

"मग बसा. आयतंच उपाशी पोट आहे. इतकी वर्षं येताय, तुमचं कधी बघितलंच नाही आपण."

"मला काय झालंय?"

"काही झालं नसलं तरी बघायचं असतं, वैनी."

दोनदा मी नको म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं विचारायच्या आतच बसले.

रिपोर्ट दुपारी मिळाला. काउंटरपाशी उभ्या उभ्याच मी वाचला. उपाशीपोटी साखर एकशे बारा. तीन महिन्यांची सरासरी, सहा पॉइंट दोन. हे आकडे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. पाच पॉइंट सातच्या खाली असलं की चांगलं, साडेसहाला पोचलं की डायबेटिस, आणि मधे जे असतात ते काठावरचे. यांचा आकडा आठच्या खाली कधी उतरलाच नाही. फक्त एकदा सात पॉइंट नऊ आला होता. त्या दिवशी आनंदानं घरात शिरा केला, आणि यांना दिला नाही.

"काय आलंय?" मी विचारलं, जसं काही मला वाचताच येत नव्हतं.

"डायबेटिस नाही," नसीम म्हणाली. "पण काठावर आहात. कुरणे डॉक्टरांना दाखवा. आजच जा."

कुरणे डॉक्टरांचा दवाखाना दोन दुकानं सोडून होता. डॉक्टरांनी माझ्या हातून रिपोर्ट घेतला आणि सवयीनं माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. माझं बीपी बघितलं, ते दीडशेच्या वर निघालं.

"डायबेटिस नाही तुम्हाला," ते म्हणाले. "पण साखर वरच्या अंगाला आहे, बीपी जास्त आहे, वजनही वाढलंय. रक्तातली चरबी तपासून घ्या आणि परवा सकाळी ईसीजीला या. बीपीची गोळी देतो. रोज अर्धा तास चालायचं. सध्या जेवता काय?"

"भाकरी, भाजी. नेहमीचंच."

ते खोटं होतं. हे गेल्यापासून भाकरी मी फार तर आठवड्यातून दोनदा थापत असेन. एकटीसाठी काटवट काढावीशीच वाटायची नाही. चहा आणि खारी, चहा आणि टोस्ट. शेजारच्यांचा द्राक्षबाग होता, त्यांनी दिलेल्या बेदाण्याची बरणी टीव्हीसमोर घेऊन बसायची आणि मूठमूठ खात राहायची. बावीस वर्षं यांच्याबरोबर मीही बिनसाखरेचा चहा प्यायले होते. आता दोन दोन चमचे घालायची. आमच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. तो नियम पाळणं आता फार सोपं झालं होतं. सूर्य मावळला की आज स्वयंपाक राहिला, असं स्वतःलाच सांगायचं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती घडी करून पिशवीत ठेवली. त्यांनी जे जे सांगितलं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन मी घरी आले.

घरी आल्यावर अभिनंदनला फोन लावला. अभिनंदन माझा एकुलता मुलगा, हैदराबादला कंपनीत आहे. हे असताना तो रोज संध्याकाळी फोन करायचा. "आई, आज किती?" हेच पहिलं वाक्य. मी सकाळचा आकडा सांगायची, मग जेवणानंतरचा. एखाद्या दिवशी जास्त असला की तो विचारायचा, काल काय खाल्लं होतं, इन्सुलिन किती घेतलं, पाय बघितलेस का. पाच मिनिटं, कधी दहा. हे गेल्यावर पहिले काही दिवस तो रोज फोन करत राहिला. "काय चाललंय?" "काही नाही." "जेवलीस?" "जेवले." मग दोन दिवसांनी, मग रविवारी. त्याचाही दोष नव्हता. विचारायचं काय, हेच त्याला कळत नसावं.

"सहा पॉइंट दोन," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं."

पलीकडं त्यानं मोठा श्वास सोडला. "म्हणजे डायबेटिस नाही! आई, घाबरवलंस ना मला. छानच की."

"हो. छानच."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच. डायबेटिस नाही म्हणाले."

"बाबांसारखं तुझंही सुरू झालं असतं तर अवघड होतं गं. बरं, आणखी काय?"

"आणखी काही नाही."

"मग रविवारी बोलू निवांत."

फोन ठेवला आणि मी रिपोर्ट पुन्हा उघडून बघितला. वर माझं नाव छापलेलं होतं. सौ. राजमती भूपाल चौगुले. 'सौ.' खोडायचं लॅबमध्येही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी पेन घेतलं, आणि मग मीही ते खोडलं नाही.

ईसीजीला मी गेले नाही. चरबीची तपासणीही केली नाही. बीपीच्या गोळ्या पंधरा दिवस घेतल्या, संपल्यावर परत आणल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायऱ्या चढताना दम लागायला लागला. आमच्या बस्तीला पायऱ्या काही फार नाहीत, बावीसच. पण अकराव्या पायरीला मला थांबावं लागायचं. मी साडीच्या निऱ्या नीट करायचं निमित्त करून थांबायची. मग डावीकडची दाढ दुखायला लागली. लवंग धरून बघितली. दाढ दुखायची ती काही खाताना नाही, चालताना. बसलं की थांबायची. खांद्याच्या मधे पाठीत कुणी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायचं. कपडे वाळत घालून खाली आलं की कपाळावर घाम.

यातलं काही मी कुणाला सांगितलं नाही. शेजारणीला नाही, अभिनंदनला नाही. रविवारी तो विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि मी म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" फोन ठेवला की पाठीतली ती मूठ परत आवळायची, आणि मी स्वतःलाच दटावायची, राजमती, सोंग करू नकोस. रिपोर्ट चांगला आहे तुझा.

तीन महिने झाले. यांची तपासणी असायची तसाच तो दिवस मी कॅलेंडरवर बघून ठेवला होता. मार्च लागला होता. सकाळी आंघोळ केली, काही खाल्लं नाही, आणि लॅबकडं निघाले. घरापासून पंधरा मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी मी वाटेत दोनदा बसले. एकदा बँकेच्या पायरीवर आणि एकदा बंद असलेल्या एका दुकानाच्या कट्ट्यावर. दाढेचं दुखणं आता हनुवटीखालून गळ्यापर्यंत उतरलं होतं.

लॅबमध्ये बाकावर तीन माणसं होती. माझा नंबर यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात दुखणं थोडं कमी होऊन पुन्हा वाढलं. नसीमनं हाक मारली तेव्हा उठताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

खुर्चीत बसले. तिनं दंडाला रबर बांधलं, मनगट धरलं आणि ती थांबली.

"वैनी, हात इतका गार कसा?"

"चालत आले ना."

"चालून गार पडतो होय? आणि हा घाम बघा. कुठं दुखतंय?"

"दाढ दुखते. जुनीच आहे."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. आज जरा जास्त आहे."

"आणखी?"

"पाठीत जरा. दम लागतो. ते चालतंच या वयात. घे तू रक्त."

तिनं दंडाचं रबर सोडलं. सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"आज रक्त नाही घ्यायचं. चला, कुरण्यांकडं."

मला रागच आला. "मी उपाशी आलेय, नसीम. पंधरा मिनिटं चालत आलेय. आधी रक्त घे, मग काय ते बघू."

"वैनी, ऐका."

"मला डायबेटिस नाही. तूच सांगितलंस ना? मग मला कशाला काय होतंय?"

"होय, मीच सांगितलं," ती म्हणाली. एवढंच बोलून तिनं माझ्या काखेत हात घातला आणि मला उठवलं. बाहेर बाकावरच्या माणसांना "थोडा वेळ बसा" म्हणाली आणि तशीच पांढऱ्या कोटात मला घेऊन बाहेर पडली. दोन दुकानांचं अंतर, पण मला ते तिच्या अंगावर रेलून जावं लागलं.

कुरण्यांनी माझ्या छातीला वायरी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर येत होती आणि ते ती दोन बोटांत धरून वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मी बावीस वर्षं डॉक्टरांचे चेहरे वाचत आले होते, त्यामुळे पुढचं ते बोलायच्या आधीच मला समजलं.

"परवा या म्हणालो होतो तेव्हा का नाही आलात?" त्यांनी हळू विचारलं.

"डायबेटिस नाही म्हणाला होता ना तुम्ही."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. एक गोळी चावून खायला दिली, एक जिभेखाली ठेवायला दिली, आणि मिरजेच्या हॉस्पिटलला स्वतः फोन केला. अँब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. नसीम हलली नाही. लॅबमधल्या दुसऱ्या पोरीला तिनं फोनवरच सगळं सांगितलं आणि माझ्याबरोबर गाडीत चढली.

सांगली जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मुलाचा नंबर द्या."

"त्याला नको सांगू."

"का?"

"त्याला वाटेल, आई सोंग करतेय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की अजून आठवतं. "वैनी, मशीनच्या पट्टीवर आलंय ते. तुमचं सोंग तिला कसं कळणार? नंबर सांगा."

मी सांगितला.

मिरजेत मला चाकाच्या स्ट्रेचरवरून आत घेत असताना मागं टेबलावरच्या माणसानं विचारलेलं ऐकू आलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी," नसीम म्हणाली.

"नातं?"

"लॅबवाली."

"नातं काय लिहू, बाई?"

पुढचं ऐकू यायच्या आत दार बंद झालं. त्यानं काय लिहिलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून तार घालून त्यांनी ती उघडली आणि आत स्टेंट बसवला. एवढं सगळं होताना मी जागी होते आणि मला फारसं दुखलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हेरवाडे आल्या. चाळिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेल्या, कॉटच्या कडेला बसून बोलणाऱ्या.

"काही विचारायचंय, आजी?"

आजी म्हटलेलं मला जरा लागलं. मी छप्पन्न वर्षांची होते. "मला डायबेटिस नाही," मी म्हणाले. "बावीस वर्षं माझ्या यजमानांना होता. त्यांचं हृदय शेवटपर्यंत ठीक होतं, मूत्रपिंडं गेली. मग मला हे कसं झालं?"

"डायबेटिस नाही तुम्हाला, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ती साडेसहाची रेघ आहे ना, ती आम्ही डॉक्टरांनीच आखलीय. मुख्यतः डोळ्यांचा त्रास कुठून सुरू होतो ते बघून. हृदयाला त्या रेघेशी फारसं देणंघेणं नाही. साखर रेघेच्या आत असली तरी जसजशी वर सरकते तसतसा रक्तवाहिन्यांचा धोका थोडा थोडा वाढत जातो. आणि एकट्या साखरेनं हे झालेलं नाही. तुमचं बीपी आहे, चरबी भरपूर निघालीय, वजन आहे. सगळं मिळून झालंय. सहा पॉइंट दोन म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. त्याच वेळी बाकीचं बघायला हवं होतं."

"बघायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मीच गेले नाही."

"का?"

मी मान फिरवून खिडकीकडं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना माझ्या पायावरची चादर सारखी करून गेल्या.

अभिनंदन त्याच सकाळी पोचला. रात्रभर बसमध्ये बसून आला होता, डोळे लाल झाले होते. कॉटजवळ आला आणि माझ्या पायांना हात लावून तसाच उभा राहिला. हे गेले तेव्हाही तो रडला नव्हता, त्या दिवशी रडला. तो नऊ दिवस राहिला. मला घरी आणलं. बीपीचं मशीन आणलं, साखरेचं नवं मशीन आणलं, फोनमध्ये तक्ता केला आणि गोळ्यांच्या डब्याला वारांची नावं चिकटवली. परत गेल्यावर त्यानं रोज संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली.

"आई, आज किती?"

"बीपी एकशे तीस. साखर एकशे चार."

"छान. गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."

"चाललीस?"

"वीस मिनिटं."

"गुड. मग, उद्या बोलू."

असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. आकडा सांगून झाला की बोलणं संपत होतं. मला कळलं, की हे असतानाही ते असंच संपत होतं. तेव्हा मला पाय धुवायचे असायचे, पट्टी बांधायची असायची, म्हणून फोन ठेवल्यानंतरची ती शांतता कधी ऐकूच आली नव्हती.

या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली. मी पासष्टीची झालेय. गोळ्या चालू आहेत, भाकरी रोज थापते, माझा आकडा कधी पाच पॉइंट नऊ असतो, कधी सहा. डायबेटिस मला अजूनही नाही. अभिनंदनचा फोन रोज येतो. हैदराबादला चल म्हणतो, दोनदा जाऊनही आले. पण हे सगळं सांगायला बसले ते त्या आजारपणासाठी नाही. त्यानंतर महिन्याभरानं एक संध्याकाळ आली, तिच्यासाठी.

चालण्याच्या निमित्तानं मी त्या दिवशी लॅबपर्यंत गेले. लॅब बंद व्हायची वेळ होती. बाकं रिकामी होती, नसीम आत एकटीच काचपट्ट्या पुसत होती. मला बघून तिनं खुर्ची पुढं केली. ती नळ्या ठेवायची साधी खुर्ची, रक्त द्यायची नव्हे.

"बरं वाटतंय?"

"वाटतंय. तुला सांगायला आले."

"मला काय सांगायचं? मी काय केलं?"

मी खुर्चीत बसले. मग जे मिरजेच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

"नसीम, त्या पहिल्या दिवशी मी वस्तू द्यायला आले नव्हते. तपासून घ्यायलाच आले होते. म्हणून उपाशी आले. मला वाटत होतं, माझाही आकडा वर यावा. साडेसहाच्या वर, फार नाही, थोडा. म्हणजे अभिनंदन रोज फोन करेल. आणि सहा पॉइंट दोन आला तेव्हा, तुला खोटं वाटेल, पण मला वाईट वाटलं. त्यानंतर खरंच दुखायला लागलं तर मला वाटलं, हे माझं मनच करतंय. ज्या बाईनं आजार मागून घ्यायला बघितलं, तिच्या दुखण्यावर कुणी विश्वास कशाला ठेवायचा? मीच ठेवला नाही."

नसीमनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर असं काही बोलू नये म्हणेल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. ती उठून बाहेरच्या खोलीचा दिवा बंद करून आली.

"अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यांचंही सगळं मीच करत होते. लग्न त्यातच राहून गेलं. भाऊ कोल्हापूरला असतो." तिनं फडकं पुन्हा उचललं. "दर शनिवारी मशीन बंद करायच्या आधी मी माझं एक सॅम्पल टाकते, वैनी. कधी साखर, कधी थायरॉइड, जे आठवेल ते. कुणाला माहीत नाही."

"तुला काही त्रास होतोय?"

"काही नाही."

"मग कशाला?"

ती यंत्राकडं बघत होती. "दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट छापते. पन्नास, साठ. एखाद्या कागदावर आपलं नाव बघितलं की बरं वाटतं."

"आणि निघतं काय?"

"काही निघत नाही. सगळं चांगलं असतं. मग फाडून टाकते."

बाहेर रस्त्यावर एसटी वळत होती, तिचा आवाज येऊन गेला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे जे सुचत होतं ते लोकांनी हे गेल्यावर मला म्हटलं होतं, आणि त्यातल्या कशाचाच मला उपयोग झाला नव्हता. म्हणून मी उठले आणि तिची पर्स खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिली.

"चल, तुला घरापर्यंत सोडते."

"तुम्ही? मला?" ती हसली. "ऑपरेशन तुमचं झालंय."

"म्हणूनच हळू चाल."

तिनं लॅबचं शटर ओढलं, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं. आम्ही रस्त्यावर आलो. मी चार पावलं पुढं टाकली आणि थांबले. ती कुठं राहते, हेच मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

"इकडं नाही, वैनी," मागून ती म्हणाली. "माझं घर तिकडं आहे."